घन, अर्धघन आणि लाल

बाबांनी आठ दिवसांत एकच गोष्ट मागितली, आणि ती ऐकून घरातल्या, मजल्यावरच्या आणि इस्पितळातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी मिळून माझं डोकं खाल्लं. बाबांनी मात्र काहीच खाल्लं नाही. अडचण तीच होती.

सात नंबरच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर बाबा होते. एकतीस वर्षं ओतशाळेत काळ्या वाळूचे साचे भरलेला माणूस. त्यातली निम्मी वाळू छातीत साठवून घरी आणलेला. श्वास पुरत नव्हता, म्हणून एका श्वासाला एक शब्द असं रेशन चालू होतं. जेवणावर तर त्यांनी बहिष्कारच घातला होता. सूप, दूध-बिस्किट, कुस्करलेलं केळं, सगळ्यांना तोंड मिटून एकच उत्तर. सोमवारी डॉक्टर खाटेच्या पायाशी अडकवलेला कागद वाचत म्हणाले, "शुक्रवारपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

बाबांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिथल्या आजोबांना नळी होती, आणि ती ते ओढतात म्हणून त्यांचे दोन्ही हात खाटेला बांधलेले होते. बाबांनी आपले हात हळूच चादरीच्या आत घेतले.

ते हात आत घेणं मला बघवेना. मी वाकून म्हटलं, "बाबा, काय खाल? काहीही सांगा. आणते."

"ब्रेड," ते म्हणाले. मग एक श्वास. "लाल."

आता यात अवघड काय? ब्रेडमध्ये काहीतरी भरून डब्यात देणं हा तर आमच्या घरचा धंदाच. आई रोज सकाळी तीन डबे भरायची : बाबांचा ओतशाळेचा, माझा शाळेचा आणि तिचा स्वतःचा शिवणाच्या कारखान्याचा. सारण बारा महिने एकच. उकडलेला बटाटा, मीठ लावून पिळलेला कच्चा कांदा, मिरपूड, लिंबू, आणि कुणाला न सांगता चिमूटभर साखर. क्वचित उकडलेलं अंडं. महिनाअखेरीला बटाट्याचा थर इतका पातळ व्हायचा की दोन्ही स्लाइस एकमेकींना नावानं ओळखायच्या. मी वर्गात तो डबा झाकणाआड धरून खायचे, कारण बाकीच्या मुलींच्या ब्रेडमध्ये चीज असायचं. आज माझ्या फ्रीजमध्ये चीज असतं, आणि लेक झोपली की मी ओट्याशी उभी राहून बटाटा-कांदा खाते. असो. मुद्दा हा की ते सारण पांढरं. फार तर पिवळट म्हणा. लाल असं आईनं आयुष्यात काही भरलं नाही. आणि रविवारी तर ब्रेड घरात यायचाच नाही. डब्याचं डब्यात, ताटातलं ताटात, असा तिचा कायदा होता. ती जाऊन चार वर्षं झाली, त्यामुळे तिला विचारायची सोय नव्हती.

तेव्हा मी जिवंत माणसांना विचारलं. ही माझी पहिली चूक.

"टोमॅटो!" समोरच्या काकू दारातूनच म्हणाल्या. "यात विचार कसला करतेस? लाल म्हणजे टोमॅटो. माझे सासरे शेवटी शेवटी टोमॅटोच मागायचे." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे, नंतर चांगली सहा वर्षं जगले हो!" हे सासरे आजही त्यांच्या आतल्या खोलीत रेडिओ ऐकत असतात, ही गोष्ट वेगळी.

खालच्या मजल्यावरचे हेडसर निवृत्त झाल्यापासून जिन्यात शाळा भरवतात. ते म्हणाले, "प्रश्न नीट वाचा. 'लाल ब्रेड' की 'ब्रेड, लाल'? स्वल्पविरामानं फरक पडतो." आणि गाजराचा सल्ला देऊन वर गेले. त्यांचं घर खाली आहे, पण ते विचारात होते.

नवरा म्हणाला, "जॅम असेल." त्याच्या मते जगातले बरेच प्रश्न जॅमनं सुटतात.

मंगळवारी मी टोमॅटोचं, गाजराचं आणि जॅमचं, तिन्ही घेऊन गेले. लेक कडेवर, डबे तिच्या लंगोटांच्या पिशवीत तळाशी. बाबांनी प्रत्येक डब्यात डोकावून पाहिलं, मला वाईट वाटू नये म्हणून मान हलवली, आणि तोंड मिटलं. डॉक्टर म्हणाले, "या अवस्थेत कधी कधी भ्रम होतो. नसलेलं आठवतं."

मला ते फार लागलं. बाबांचा कधी स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे होत नसे. त्यांनी लाल म्हटलं म्हणजे ते लालच होतं, आणि ते मला ठाऊक नव्हतं, म्हणजे माझ्या घरातलं मला काहीतरी ठाऊक नव्हतं.

बुधवारी वॉचमननं लंगोटांची पिशवी उघडायला लावली. दहा माणसांसमोर, एकेक घडी उचलून. तळाशी डबा निघाला. "बाहेरचं खाणं? आहार विभागाचा कागद आणा."

आहार विभागाच्या खिडकीत चष्मेवाल्या ताई होत्या. त्यांनी तीन प्रतींत फॉर्म दिला. 'पदार्थाचे नाव.' 'घटक, ग्रॅममध्ये.' 'स्वरूप : घन / अर्धघन / द्रव (एकाच ठिकाणी खूण करावी).' आता सांगायला लाज वाटते, पण मी विमा कंपनीत आहे, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. सहा वर्षं मी लोकांच्या फॉर्मवर 'अपूर्ण' असा शिक्का मारून ते परत पाठवलेत. त्या सगळ्यांचे तळतळाट त्या दिवशी एकत्र येऊन त्या खिडकीत बसले होते.

मी 'घन'वर खूण केली.

"ब्रेड घन. आतलं सारण?"

"ते मऊ असतं."

"म्हणजे अर्धघन. दोन खुणा चालत नाहीत. दोन अर्ज करा. एक ब्रेडचा, एक सारणाचा."

दोन अर्ज, सहा प्रती. एका प्रतीचा कोपरा लेकीनं खाल्ला. घराण्यात निदान एकीची भूक शाबूत होती. तासाभरानं ताईंनी शिक्के मारले. "मंजूर. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत आणायचं."

"आणि वॉर्डात एकत्र करायचं?"

"छे! वॉर्डात पदार्थ तयार करायला बंदी आहे."

"पण ताई, ब्रेडमध्ये सारण घातल्याशिवाय सँडविच कसं होणार?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सँडविचची परवानगी तुम्ही मागितलेलीच नाही."

मी फाटकाशी येऊन कठड्यावर बसले आणि रडले. लेकही रडली, पण तिचं कारण वेगळं होतं. वॉचमननं दोघींना रडू दिलं. मग तो कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "ताई, उद्या बाहेरच करून आणा. मी ब्रेडचा कागद बघीन, सारणाचा कागद बघीन. मधली फट मी कशाला बघू?"

म्हणून गुरुवारी भर सकाळी, इस्पितळाच्या फाटकाबाहेर, लेकीच्या बाबागाडीच्या छपरावर स्वच्छ कापड अंथरून मी ब्रेडला सारण लावत होते. आईचाच बटाटा, पण या खेपेला टोमॅटो परतून लाल केलेला. पदवीधर बाई, विमा कंपनीत कायम नोकरी, आणि कपाळाला बटाटा. दोन स्लाइस दाबते न दाबते तोच एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले.

"दोन द्या. कांदा कमी."

मी ताठ होऊन सांगणार होते की मी विकायला बसलेली नाही. पण तोंडून निघालं, "कांद्याशिवाय चांगलं लागत नाही."

"बरं, असू द्या," ते निमूटपणे म्हणाले. त्यांच्या हातात क्ष-किरणाचं मोठं पाकीट होतं आणि ते कुणाचं आहे हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी त्यांना एक दिलं. त्यांनी ते उभ्या उभ्या संपवलं, "घरच्यासारखं आहे," म्हणाले, आणि उद्या गाडी कुठे उभी असते ते विचारून आत गेले.

बाबांनी मात्र त्या लाल बटाट्याकडे पाहिलं आणि चादरीतून एक हात काढून माझ्या हातावर ठेवला. बस. राहू दे, असा. पलीकडच्या छोट्या टेबलावर नर्सनं नळीचं पाकीट आणून ठेवलेलं होतं. उद्याची तयारी.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं जॅमखेरीज पहिली कामाची सूचना केली. "बाबा डबा घरी कुठे खायचे? ज्यांच्याबरोबर खायचे त्यांना विचार ना."

बाबांच्या खिशातल्या डायरीत ओतशाळेतलं एकच नाव होतं, आणि तेही नाव नव्हतं. 'जोडीदार', आणि पुढे नंबर. तेव्हा मला तो आठवला. आई गेली त्या दिवशी एक उंचच उंच माणूस दारात उभा राहून इतका रडला होता की मावशीनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "हा कोण गं?" बाबा म्हणाले होते, "जोडीदार." एवढंच. मावशीचं समाधान झालं नव्हतं. तिनं पुढे वर्षभर नातेवाइकांत त्यावर तर्क चालवले.

ओतशाळेत त्याला 'उंट' म्हणत. बाबांना 'फुंकर', कारण साच्यातली सुटी वाळू ते फुंकून काढायचे, आणि नंतर ती सवय जगभर लागू झाली : चहावर फुंकर, माझ्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर, बंद पडलेल्या रेडिओवरही फुंकर.

मी फोनवर सगळं सांगितलं.

"लाल म्हणाला?" उंटकाका म्हणाले. "पोरी, ते तुझ्या आईचं नव्हे. ते माझ्या घरचं. उद्या सकाळी येतो. तू बीट उकडून आण." आणि मग जरा चाचरत, "तुझ्या आईचं बटाट्याचं येतं का गं तुला? येत असलं तर तेही आण. माझ्यासाठी."

शुक्रवारी ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले होते. लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढं उंच माणूस तिनं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "वितळलेल्या लोखंडाचं भांडं बघितलंयस कधी? दोन दांडे, दोन माणसं. एकाचा हात सुटला की दोघं जळाले. आमच्या आधी एकदा सुटला होता. तो माणूस उपाशी होता. रोज रिकामा डबा उघडून, पाठ करून, खाल्ल्याचं नाटक करायचा. तेव्हापासून ओतशाळेत ठरलं. आपला डबा आपण उघडायचा नाही. जोडीदाराचा उघडायचा. त्याच्या घरी काय आहे, काय नाही, ते आपल्याला कळतं. आणि त्याचा रिकामा असला तरी त्याच्या पोटात आपला जातो."

"म्हणजे बाबा…"

"सव्वीस वर्षं आमची जोडी. सव्वीस वर्षं तुझ्या आईच्या हातचं मी खाल्लं. त्यानं एकदाही नाही."

"पण बाबा रोज संध्याकाळी आईला सांगायचे, डबा फस्त झाला म्हणून!"

"मग झालाच होता की! खोटं कुठं बोलला? घरी सांगायचं नाही असं ठरलं होतं. बायकांना कळलं असतं तर त्यांनी परक्यासाठी म्हणून चढाओढ लावली असती, आणि मग डब्यावरून घरची हालत कळली नसती." ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "मला सगळं कळायचं गं. बटाट्यात गाठी राहिल्या की तू आजारी. मिरपूड जास्त झाली की दोघांचं भांडण. तू झालीस त्या आठवड्यात बटाटा सालीसकट होता. तो तुझ्या बापानं भरला होता. तो खाऊन मी त्याला म्हटलं, आज भांडं मी दुसऱ्याबरोबर उचलतो, तू घरी जा."

मला राग यायला हवा होता. आई पाच वाजता उठून कांदा पिळायची, तो या माणसासाठी? पण त्यांनी डबा उघडला, एक घास घेतला, आणि तो उंचच उंच माणूस बाकावर एकदम लहान झाला. "तीच," म्हणाले. "अगदी तीच. यात काहीतरी असायचं, मला कधी ओळखता आलं नाही."

"साखर," मी म्हटलं. "चिमूटभर."

"साखर होय!" ते म्हणाले, आणि डोळे पुसत हसले.

मी बिटाचा डबा पुढे केला. "काका, आता सांगा. काकू यात काय काय घालायच्या?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मला काय ठाऊक? मी कुठं खाल्लंय? ते त्यानंच खाल्लंय." काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. "सकाळी तिचे हात लाल असायचे. एवढंच आठवतंय मला."

आम्ही आत गेलो. उंटकाका खाटेशी वाकून म्हणाले, "फुंकर, पोरीला कळलंय सगळं. आता लपू नको."

बाबांनी चादर नाकापर्यंत ओढली. मग डोळे हसले. "उंट," ते म्हणाले.

बीट, अंडं, मीठ, मिरपूड असं सारण मी अंदाजानं घरूनच ब्रेडमध्ये भरून आणलं होतं, त्याचा एक घास त्यांच्यापुढे धरला. बाबांनी आधी गाल फुगवून त्यावर फुंकर घातली. थंडगार ब्रेडवर. उंटकाका हळूच म्हणाले, "डबे गरम भट्टीवर ठेवायचो. तोंड पोळायचं." बाबांनी घास तोंडात घेतला. नर्स थांबली. शेजारच्या आजोबांनीही मान वळवली. बाबांनी तो पुष्कळ वेळ चावला, गिळला, आणि म्हणाले, "नाही."

"मीठ कमी?"

"नाही." श्वास. "आंबट… होतं."

"लिंबू घालते. संध्याकाळी आणते."

"आण," बाबा म्हणाले.

नर्सनं पेन काढलं. "काय लिहू? घन की अर्धघन?"

"लाल लिहा," मी म्हटलं. तिनं खरंच तसं लिहिलं, आणि जाताना टेबलावरचं नळीचं पाकीट उचलून नेलं.

त्यानंतर सुरू झालं ते काय वर्णावं! सकाळी एक प्रयोग, संध्याकाळी एक. बाबा परीक्षकासारखे बसायचे, फुंकर घालायचे, एक घास, दोन घास, आणि नापास. लिंबू घातलं तर "हे… नाही." व्हिनेगर घातलं तर "जवळ." बीट किसलं तर भुवया चढल्या. नापास करण्यासाठी का होईना, ते खात होते. आठवड्यानं डॉक्टरांनी घरी सोडलं. घरी मग समोरच्या काकूंनी बीट भाजून पाठवलं, हेडसरांनी बिटाच्या इतिहासावर दोन पानं लिहून दिली, नवऱ्यानं एकदा त्यात जॅम घालून पाहिला आणि बाबांनी त्याला दाराबाहेर जायची खूण केली. सगळ्या मजल्याचे हात लाल. मी रोज ओट्याशी उभी राहून एका परक्या बाईच्या सकाळी पुन्हा उभ्या करत होते, जिला मी जेमतेम दोनदा पाहिलं असेल.

'हो' मात्र त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

घरी आल्याच्या तेराव्या दिवशी दुपारी उंटकाका खाटेजवळ बसून आपला बटाट्याचा डबा खात होते. बाबा त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "दे."

काकांचा हात थांबला. "अरे, तुझ्या घरचा डबा आहे हा. आपला आपण उघडायचा नाही."

"भांडं," बाबा म्हणाले. श्वास घेतला. "कुठं… आहे… आता?"

काकांनी अर्धा ब्रेड त्यांच्या हातात ठेवला. बाबांनी फुंकर घातली आणि घास घेतला. मी लेकीला उगाचच घट्ट धरलं होतं. त्यांनी सावकाश चावलं, थांबले, आणि माझ्याकडे वळले.

"साखर… घालायची?"

एका घासात. काकांना सव्वीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते एका घासात.

"हो, बाबा."

"मला," ते म्हणाले, "बोलली… नाही कधी."

त्यांनी तो अर्धा ब्रेड पूर्ण संपवला. कडा न सोडता. मग रिकामा डबा त्यांनी स्वतः बंद केला, झाकण दोन्ही बाजूंनी दाबून, आणि माझ्याकडे दिला. मीच म्हटलं, "फस्त झाला." त्यांनी मान हलवली.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. ओट्यावर बीट तसंच होतं, सोललेलं.

हे मी लेकीच्या दुपारच्या झोपेत लिहितेय, दोन-चार दिवस पुरवून. दर गुरुवारी उंटकाका येतात. मी त्यांच्यासाठी बटाट्याचा डबा भरते, ते माझ्यासाठी बिटाचा आणतात. त्यांनी स्वतः केलेला, दर वेळी थोडा वेगळा. आम्ही डबे बदलतो. बरोबर जमलंय की नाही ते दोघांनाही कळत नाही. ज्याला कळलं असतं तो गेला. "जवळ आलंय का गं?" ते विचारतात, आणि मी म्हणते, "जवळ."

लेकीला दात आलेत. माझ्या मांडीवर बसून ती लाल ब्रेडकडे हात करते. मी बारीक तुकडा तिच्यापुढे धरते, आणि ती आधी गाल फुगवते, थंडगार घासावर फुंकर घालते, मगच तोंड उघडते.